घरच्या टेबलावर वेगवान एज: स्टेप रिकव्हरी डायोडचा साधा पल्स जनरेटर

ऑगस्ट २०१९च्या महापुरात माझं दुरुस्तीचं दुकान सांगलीच्या गावभागात होतं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरचं सगळं कृष्णेच्या गाळात बुडालेलं होतं. त्यातच माझा २०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप होता, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र. त्या स्कोपवर माझं पोट चालतं. कुपवाड एमआयडीसीतल्या ड्राइव्हचे बोर्ड, मिरजेतल्या दवाखान्यांतली यंत्रं, सगळं त्याच्यासमोर येतं. मी तो पूर्ण खोलला. आधी साध्या पाण्यानं गाळ काढला, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कित्येक दिवस शंभरच्या बल्बखाली उबेला ठेवला. गंजलेले काही भाग बदलले. एके दिवशी ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, उमटला.

पण ट्रेस उमटला म्हणजे स्कोप बरा झाला असं होत नाही. पुढच्या पट्टीवरचा १ किलोहर्ट्झचा कॅलिब्रेशनचा चौकोन तर १० मेगाहर्ट्झचा स्कोपसुद्धा नीट दाखवतो. मला हवं होतं ते एवढंच: हा अजून २०० मेगाहर्ट्झचा आहे का? त्यासाठी स्कोपपेक्षा कितीतरी वेगवान अशी एक पायरी, म्हणजे एकदम खालून वर जाणारा व्होल्टेज, त्याला दाखवावी लागते. ती पायरी मी विश्रामबागेतल्या नव्या जागेत, माझ्या भाच्याला हाताशी घेऊन तयार केली. तशीच तुम्हालाही करता यावी म्हणून सगळं लिहून ठेवते.

आधी हिशेब. राइज टाइम म्हणजे पायरी चढायला लागणारा वेळ, आणि बँडविड्थ म्हणजे स्कोप किती मेगाहर्ट्झपर्यंत नीट दाखवतो तो आकडा. स्कोपचा स्वतःचा राइज टाइम म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, २०० मेगाहर्ट्झला १.७५. पडद्यावर दिसतो तो स्कोपचा आणि सिग्नलचा मिळून, म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज करून काढलेलं वर्गमूळ. साध्या वेगवान लॉजिक गेटची, म्हणजे ७४एसी१४ या चिपची, एज (सिग्नलची चढण) दीड ते दोन नॅनोसेकंदांच्या आसपास असते. ती २०० मेगाहर्ट्झच्या चांगल्या स्कोपवर साधारण २.३ ते २.७ दिसणार. मग २.४ दिसले तर दोष गेटचा की स्कोपचा? सांगता येत नाही. पण सिग्नलच ०.२ नॅनोसेकंदांचा असेल, तर वर्गांच्या बेरजेत त्याचा वाटा इतका किरकोळ की पडद्यावर १.७६ दिसतील. म्हणजे जे दिसतं ते सगळं स्कोपचंच. गेटची एज आणखी तीव्र करायचं काम स्टेप रिकव्हरी डायोड करतो.

डायोडच्या आत काय होतं

हे नीट समजल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका. सर्किट इतकं छोटं आहे की चुकलं तर कुठं चुकलं हे फक्त समजेवरच कळतं.

कुठल्याही पीएन डायोडमधून सुलट करंट वाहतो तेव्हा जंक्शनपाशी चार्ज साठतो. गळकी घागर डोळ्यांपुढे आणा. वरून धार पडतेय, बुडातून गळतंय. थोड्या वेळानं पाणी एका पातळीला थांबतं. धार मोठी तर पातळी वर, गळती सावकाश तर पातळी वर. धार म्हणजे फॉरवर्ड करंट आणि गळतीचा वेळ म्हणजे डेटाशीटमधला कॅरियर लाइफटाइम. दोघांचा गुणाकार म्हणजे साठा. १० मिलिअँपिअर आणि ५० नॅनोसेकंद असतील तर ५०० पिकोकुलोम. घागर अशी पातळीला यायला लाइफटाइमच्या चार-पाच पट वेळ द्यावा लागतो.

आता व्होल्टेज उलटा करा. डायोड लगेच बंद होत नाही. घागरीत पाणी आहे तोवर तो उलट दिशेनंही करंट जाऊ देतो, जवळजवळ शॉर्टसारखा. साठा उपसून संपला की बंद होतो. फरक आहे तो या बंद होण्यात. साध्या रेक्टिफायर डायोडमध्ये साठा लांबवर पसरलेला असतो. जत्रा उठल्यावर माणसं रेंगाळत राहावीत तसा शेवटचा चार्ज हळूहळू निघतो. स्टेप रिकव्हरी डायोडमध्ये भेसळीचं, म्हणजे डोपिंगचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की आतलंच विद्युतक्षेत्र चार्जला जंक्शनजवळ धरून ठेवतं. त्यामुळे शेवटचा चार्ज एकदम निघतो आणि डायोड ५० ते ३०० पिकोसेकंदांत कडकन बंद होतो. बॉफ, मॉल आणि शेन यांनी १९६० साली हा परिणाम जगापुढे मांडला. पुढे मायक्रोवेव्हच्या फ्रीक्वेन्सी मल्टिप्लायरमध्ये आणि सॅम्पलिंग स्कोपमध्ये हे डायोड कित्येक वर्षं वापरले गेले.

याचा उपयोग एजसाठी कसा करायचा ते माझ्या भाच्याला मी शेतावरून सांगितलं, कारण त्याच्या घरी ऊस आहे. दारं धरताना पाटाला पाणी हळूहळू वाढत येतं. सुरुवातीची ती मंद धार आपल्याला नको असेल तर ती बाजूच्या सरीत सोडून ठेवायची. पाट भरात वाहायला लागला की त्या सरीचं तोंड एका फावड्यात बंद करायचं. मग आपल्या सरीत पाणी शिरतं ते पूर्ण भरानंच. इथं पाट म्हणजे गेटचं आउटपुट, बाजूची सरी म्हणजे ग्राउंडकडे जाणारा डायोड. गेटची दीड-दोन नॅनोसेकंदांची चढण डायोड ग्राउंडमध्ये जिरवतो आणि ती पुरी झाल्यावर तोंड बंद करतो. बाहेर पडते ती फक्त डायोडच्या वेगाची पायरी.

तेव्हा अट एकच. डायोडनं गेटच्या चढणीपेक्षा जास्त वेळ तग धरला पाहिजे. साठा ५०० पिकोकुलोम आणि उलटा करंट ९० मिलिअँपिअर धरला तर साडेपाच नॅनोसेकंद मिळतात. दोनच्या चढणीला ते भरपूर झाले.

डायोड मिळवणं

सांगलीत स्टेशन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हा डायोड मागितलात तर बहुतेक ठिकाणी नकारार्थी मान हलेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना माल ठेवणाऱ्यांकडे विचारून बघता येतं. नाहीतर सरळ ऑनलाइन मागवायचा. मला माझा पहिला डायोड भंगारातल्या जुन्या मायक्रोवेव्ह लिंकच्या मल्टिप्लायरमधून मिळाला, एचपीच्या (ह्यूलेट-पॅकार्डच्या) ५०८२ मालिकेतला, काचेच्या आवरणाचा. विकत घेताना डेटाशीटवर तीन आकडे बघा. लाइफटाइम २० ते १०० नॅनोसेकंदांच्या दरम्यान, ट्रान्झिशन टाइम, म्हणजे ते कडकन बंद होण्याचा वेळ, २०० पिकोसेकंदांच्या आत, आणि कपॅसिटन्स १ ते २ पिकोफॅरडच्या आसपास. ब्रेकडाउन व्होल्टेजची इथं काळजी नको, आपण जेमतेम २ व्होल्टांत खेळणार आहोत. पृष्ठभागावर बसणारा, बिनपायांचा किंवा अगदी आखूड पायांचा मिळाला तर तोच घ्या. कारण पुढे येईलच.

शॉटकी डायोड इथं कामाचा नाही. त्यात साठाच होत नाही.

अव्हलांच ट्रान्झिस्टरनंही अशी वेगवान पल्स काढता येते आणि बरेच जण तसंच करतात. पण त्याला ९०-१०० व्होल्टांचा सप्लाय लागतो. माझ्या टेबलाशी भाच्याबरोबर त्याचे मित्रही बसतात, म्हणून मी ५ आणि ९ व्होल्टांतला मार्ग निवडला.

पहिला अर्धा भाग: गेट

सामान थोडं आहे. ७४एसी१४, म्हणजे सहा गेटांची आयसी (एचसी नव्हे, एसीच, एचसीची एज बरीच मंद असते), १८० ओहमचे चार चिप रेझिस्टर, १० किलोओहमचा एक, १ किलोओहमचे दोन चिप, ४.७ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर), १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर, १०४ नंबरचे म्हणजे १०० नॅनोफॅरडचे पाच-सहा चिप कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा एक, एसएमए किंवा बीएनसी सॉकेट, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि ५ व्होल्टसाठी ७८०५ किंवा पॉवरबँक.

बोर्ड दोन्ही बाजूंना तांबं असलेला, १.६ मिलिमीटर जाडीचा घ्या. खालची बाजू आख्खी ग्राउंड. तिला हात लावायचा नाही. वरच्या बाजूला कटरनं आणि स्टीलच्या पट्टीनं ३ मिलिमीटर रुंदीची एक पट्टी कोरा. या जाडीच्या एफआर-४ बोर्डावर ३ मिलिमीटर रुंदी म्हणजे साधारण ५० ओहमची लाइन. लांबी १५ मिलिमीटर पुरे. वरच्या बाजूचं उरलेलं तांबंही ग्राउंड ठेवा आणि ठिकठिकाणी भोक पाडून तारेनं खालच्या तांब्याला जोडा. जिथं डायोड बसणार तिथं तर दोन्हीकडून तारा हव्यातच.

आयसीच्या १४ नंबर पायाला ५ व्होल्ट, ७ला ग्राउंड. या दोन पायांना १०४ कपॅसिटर इतका जवळ लावा की त्याच्या आणि पायाच्या मधून नख जाऊ नये. शेजारी १० मायक्रोफॅरड. पहिल्या गेटचा ऑसिलेटर: १ आणि २ नंबरच्या पायांमध्ये १० किलोओहम, १ नंबरवरून ग्राउंडला १०० पिकोफॅरड. हा १ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. थोडा इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. दुसरं गेट बफर: २ वरून ३ला, आणि ४ वरून उरलेल्या चारही गेटच्या इनपुटला, म्हणजे ५, ९, ११ आणि १३ला. त्यांची आउटपुट ६, ८, १० आणि १२. प्रत्येकाला १८० ओहम लावून चारही रेझिस्टर एका बिंदूत आणा. गेटचा स्वतःचा रेझिस्टन्स धरून एकेक फांदी १९५च्या आसपास जाते आणि चार मिळून ५० ओहमच्या जवळ येतात.

चौघांना एकत्र आणण्याचं कारण ताकद. डायोड शॉर्टसारखा असताना १०० मिलिअँपिअरचा झटका द्यायचा असतो. एकट्या गेटला ते झेपणार नाही, चौघांत २५-२५ वाटले की जमतं.

इथवर झाल्यावर थांबा आणि तो एकत्र बिंदू तात्पुरता सॉकेटला जोडून स्कोपवर बघा. ५० ओहमच्या इनपुटवर अडीच व्होल्टांचा चौकोन दिसला पाहिजे. एजवर खूप हेलकावे दिसत असतील तर आयसीजवळचा कपॅसिटर लांब आहे, किंवा ग्राउंड तोकडा आहे. ते आत्ताच निस्तरा. डायोड लावल्यावर याचं निदान फार अवघड जातं.

दुसरा अर्धा भाग: डायोड

क्रम असा: चार रेझिस्टरांचा बिंदू, मग एक १०४, मग पट्टी, पट्टीवर डायोड, पुढे दुसरा १०४, आणि सॉकेट. दोन्ही कपॅसिटर पट्टीला कटरनं चीर पाडून त्या चिरेवर आडवे बसवायचे. डायोडचा कॅथोड, म्हणजे रेघेची बाजू, पट्टीला. ॲनोड ग्राउंडला. बॅटरीचा अधिक ग्राउंडला. बॅटरीचा उणे ४.७ किलोओहमच्या प्रीसेटमधून, मग १ किलोओहमच्या चिप रेझिस्टरमधून पट्टीला. हा १ किलोओहम पट्टीच्या कडेला चिकटूनच हवा, तार त्याच्या पलीकडच्या टोकाला. त्या पलीकडच्या टोकावरून ग्राउंडला एक १०४ द्या.

बॅटरी उणे बाजूनं का, तर गेट खाली असताना डायोड सुलट वाहिला पाहिजे आणि गेट वर जाताना उलटला पाहिजे. आणि कपॅसिटर का, तर ते नसले तर गेट आणि स्कोपचा ५० ओहम हे दोघे मिळून बायसचा, म्हणजे बॅटरीतून डायोडला भरायचा, करंट आपल्याकडे ओढून घेतात आणि डायोड उपाशी राहतो. कपॅसिटरांमुळे सरासरी करंट डायोडलाच पुरवावा लागतो. तो फक्त अर्धा वेळ सुलट वाहतो, म्हणून बॅटरीतून ५ मिलिअँपिअर गेले की डायोडमधून त्या अर्ध्या वेळात साधारण १० वाहतात. हा दुपटीचा हिशेब लक्षात ठेवा.

आता पायांच्या लांबीबद्दल, कारण सगळी मेहनत इथंच वाया जाते. तारेला दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. माझ्या पहिल्या बोर्डवर मी काचेच्या डायोडचे पाय दोन्हीकडे सहा-सहा मिलिमीटर ठेवले होते. आधीच्या यंत्रातून काढलेला डायोड, कापायला जीव धजेना. १२ नॅनोहेन्री, २ नॅनोसेकंदांत ९० मिलिअँपिअर: गुणून बघा, अर्ध्या व्होल्टाच्या पुढे जातं. म्हणजे डायोडनं पट्टी ग्राउंडला धरून ठेवायची त्या वेळात पट्टी अर्धा व्होल्ट वर उचलली जात होती. बाहेर पायरीच्या आधी एक कुबड दिसायचं. पाय कापून काचेच्या अंगाला लागून सोल्डर केलं तेव्हा कुबड खाली बसलं. काचेचा डायोड असा जवळून सोल्डर करताना चिमट्यानं पाय धरा, उष्णता चिमट्यात जाते, आणि दोन सेकंदांच्या वर टोक टेकवू नका.

बोर्डवर सिग्नल दर मिलिमीटरला सुमारे ६ पिकोसेकंद घेतो. १०० पिकोसेकंदांची आख्खी एज १६-१७ मिलिमीटरांत मावते. बोटाच्या एका पेराएवढी लांबीसुद्धा अशा एजला मोठी असते, हे मनात ठेवूनच प्रत्येक भागाची जागा ठरवा.

भरणं आणि जुळवणं

प्रीसेट पूर्ण रेझिस्टन्सला ठेवून सुरुवात करा. बॅटरीच्या सिरीजमध्ये मल्टिमीटर लावा. दीड ते नऊ मिलिअँपिअरची मजल मिळायला हवी. स्कोपला ट्रिगर ४ नंबरच्या पायावरून, १ किलोओहम मधे घालून, बाहेरच्या ट्रिगर इनपुटला द्या. आउटपुटवरूनच ट्रिगर घेतलात तर जे बघायचं तेच दिसणार नाही.

बघायचं ते हे: प्रीसेट फिरवून करंट वाढवाल तशी पडद्यावरची एज उजवीकडे सरकत गेली पाहिजे. ५० नॅनोसेकंदांच्या डायोडला बायसच्या दर मिलिअँपिअरमागे साधारण एक नॅनोसेकंद. घागर जितकी जास्त भरली तितका उपसायला वेळ जास्त. एज सरकतेय म्हणजे डायोड आपलं काम करतोय, याहून पक्की खूण नाही.

आमची पहिल्या दिवशी जागची हललीच नाही.

“आत्या, डायोड गेला वाटतं गं,” भाचा म्हणाला.

“गेला नाही रे. भरलाच नाही. मीटर बघ.”

मीटरवर शून्य. बॅटरीच्या टोपीची लाल तार आतून सुटलेली होती, वरून प्लॅस्टिक धड. तेव्हा एज सरकत नसेल तर आधी करंट बघा, मग बॅटरीची दिशा, मग डायोडची दिशा, आणि तो चुकून शॉटकी तर नाही ना. डायोडला दोष सगळ्यात शेवटी.

खरा डायोड वाया घालवायची भीती वाटत असेल तर आधी त्याच जागी १एन४००७ लावून बघा. मी भाच्याला तेच करायला लावलं. त्याचा लाइफटाइम मायक्रोसेकंदांतला, त्यामुळे साठा पुष्कळ. एज काही दहा नॅनोसेकंद मागे जाते आणि मग चढते. ही वाट बघणं ३० मेगाहर्ट्झच्या स्कोपवरही डोळ्यांनी दिसतं. प्रीसेट फिरवला की ते कमीजास्त होतं. चढण मात्र तीव्र असेलच असं नाही, ती त्याची जात नाही. पण सर्किटची जोडणी बरोबर आहे याची खात्री एका रुपयाच्या आसपासच्या डायोडवर होऊन जाते.

खऱ्या डायोडवर करंट फार कमी असेल तर तो गेटची चढण पुरी व्हायच्या आधीच बंद होतो. एज मग दुभंगलेली दिसते: खालचा भाग उभा, वरचा खांदा तिरका. करंट वाढवत न्या, खांदा नाहीसा होईल आणि राइज टाइम आणखी कमी व्हायचा थांबेल. तिथून थोडं, अर्धा मिलिअँपिअर, पुढे जाऊन थांबा. त्याहून वाढवण्यात फायदा नाही. बायस वाढला की पायरीची उंचीही घटते. ५ मिलिअँपिअरला सव्वादोन व्होल्ट मिळतात, ९ला दोनच्या आसपास.

मोजताना

जनरेटर थेट स्कोपच्या तोंडाला लावा, किंवा मधे हातभर चांगली ५० ओहमची केबल. स्कोपला ५० ओहमचं इनपुट असेल तर तेच निवडा. नुसतं १ मेगाओहमचं असेल तर टी लावून ५० ओहमचा टर्मिनेटर बसवावा लागतो, पण त्याची किंमत माहीत असू द्या. त्या इनपुटचा १५-२० पिकोफॅरड तिथंच असतो. २५ ओहम आणि २० पिकोफॅरड मिळून स्वतःचा १.१ नॅनोसेकंदांचा राइज टाइम करतात, आणि १.७५चा स्कोप २.१ दाखवू लागतो. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला मात्र हा फरक जाणवत नाही.

प्रोबनं मोजू नका. प्रोबची १० सेंटिमीटरची ग्राउंडची शेपटी म्हणजे १०० नॅनोहेन्री. टोकाच्या १२ पिकोफॅरडबरोबर ती १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास वाजते, आणि तुम्ही ते हेलकावे सर्किटचे समजून दिवसभर शोधत बसता.

बँडविड्थ लिमिटचं २० मेगाहर्ट्झचं बटण बंद आहे ना, तेही बघून घ्या. ते चालू असलं तर साडेसतरा नॅनोसेकंद दिसतील.

राइज टाइम १० टक्के ते ९० टक्के या दोन रेघांमध्ये मोजायचा. माझ्या पुरातल्या स्कोपचा चॅनेल १ नुसत्या गेटवर २.४ नॅनोसेकंद दाखवत होता, डायोड लावल्यावर १.८. म्हणजे १९४ मेगाहर्ट्झ. पडद्यावरच्या रेघेची जाडी धरली तर हा चॅनेल धडधाकट. उलटा हिशेब केला तर गेटची एज १.६ नॅनोसेकंद निघते, अपेक्षेप्रमाणेच.

चॅनेल २ वर गेटला ३.५ आणि डायोडला ३.१. म्हणजे ११३ मेगाहर्ट्झ. कमी वेगाच्या कुठल्याही कामात हे मला कळलंच नसतं. दोन्ही चॅनेल १ किलोहर्ट्झचा चौकोन सारखाच दाखवत होते. वरचं झाकण पुन्हा काढलं. पुरानंतर चॅनेल २च्या अटेन्युएटरमध्ये, म्हणजे आलेला सिग्नल लहान करणाऱ्या भागात, गंजलेला एक चिप कपॅसिटर मी बदलला होता, आणि त्या दिवशी हाताशी होता तो पायांचा डिस्क कपॅसिटर लावला होता. किंमत बरोबर, पाय प्रत्येकी सेंटिमीटरभर. तो काढून चिप बसवला. चॅनेल २ वर १.९ आले. डायोडच्या पायांबद्दल भाच्याला जे बजावत होते तेच माझ्या स्वतःच्या सोल्डरिंगमध्ये निघालं, म्हणून या मुद्द्यावर मी इतका वेळ घेतला.

केबलमधला दोष शोधायला

स्कोप तपासून झाल्यावरही हा डबा कपाटात जात नाही. टी लावून एका बाजूला स्कोपचं १ मेगाओहमचं इनपुट, दुसऱ्या बाजूला संशयित केबल जोडा. पायरी केबलमधून जाते, दोषावर आपटून परत येते, आणि पडद्यावर दुसरी पायरी दिसते. सॉलिड पॉलिथिनच्या आरजी-५८ किंवा आरजी-५९ केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या ०.६६ पट वेगानं जातो. जाऊन-येऊन हिशेब केला तर दर नॅनोसेकंदाला ९.९ सेंटिमीटर. फोमच्या केबलला वेग जास्त असतो, म्हणून आधी त्याच जातीच्या मोजलेल्या तुकड्यावर स्वतःचा आकडा काढून घ्या.

बघायचं ते पायरी वर गेल्यानंतरच्या भागात. तेव्हा डायोड बंद असतो आणि जनरेटर ५० ओहमचा दिसतो, परत आलेली लाट तिथं जिरते. खालच्या अर्ध्यात डायोड ग्राउंडला धरून असतो, तिथं लाटा पुन्हा पुन्हा आपटतात आणि चित्र वाचता येत नाही. १ मेगाहर्ट्झच्या आसपास वरचा भाग ४०० नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे ४० मीटरपर्यंतची केबल. त्याहून लांब असेल तर ऑसिलेटरचा १०० पिकोफॅरड बदलून १००० लावा आणि पट्टीवरचे दोन्ही १०४ बदलून १ मायक्रोफॅरडचे चिप, नाहीतर पायरीचा माथा उतरता दिसेल.

केबल तुटलेली असेल तर दुसरी पायरी वर जाते, शॉर्ट असेल तर खाली येते. ७५ ओहमची कॅमेऱ्याची केबल जोडली तर सुरुवातीलाच एक छोटी चढ दिसते, वीस टक्क्यांची. तो दोष नव्हे, ५० आणि ७५ची गाठ पडल्याची खूण आहे. गेल्या हिवाळ्यात बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधल्या कॅमेऱ्याची केबल मला अशी तपासायला मिळाली. भिंतीच्या आतून गेलेली, कुठं उकरायचं कुणालाच माहीत नव्हतं. त्या छोट्या चढीनंतर २१४ नॅनोसेकंदांवर रेघ खाली आली. २१ मीटर आणि थोडं. मालकांनी टेप धरला, भाच्यानं भिंतीवर खडूनं फुली मारली. फुलीपासून दोन विती अंतरावर छताजवळ जोडाचा एक डबा होता. उघडला तर तळाशी पाणी साचलेलं आणि जोडाची जाळी हिरवी पडलेली.